वाकळ पिळायला दोघी लागतात

अक्का, आज तुमची वाकळ धुतली. धुतली म्हणजे काय, भिजवली, बडवली, खंगाळली आणि मग हापशापाशी तिचं एक टोक धरून उभी राहिले. दुसरं टोक धरायला कुणी नाही. ओल्या वाकळंचं वजन तुम्हाला काय सांगायचं! नवरात्राच्या आधीची ही धुणी दरसाल आपण दोघींनीच काढली. घरातलं एकूणएक अंथरूण-पांघरूण. तुम्ही त्या टोकाला, मी ह्या. तुम्ही तिकडून पीळ द्यायच्या, मी इकडून, आणि वाकळ घट्ट दोरखंड झाली की मुद्दाम एक हिसका द्यायच्या. मी गेलेच चिखलात. वर विचारायच्या, "जेवत न्हाईस व्हय गं?" आज मी एक टोक लिंबाला बांधून बघितलं. नाही जमलं. लिंब आपला नुसता उभा राहतो. शेवटी तशीच पाणी गळती वाकळ भिंतीवर टाकली आणि तिच्या सावलीत बसून घेतलं.

भावकीतल्या बायका म्हणाल्या होत्या, गेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवू नये, देऊन टाक. मी म्हटलं, देते. दिलं नाही. त्यात तुमची दोन लुगडी आहेत आणि माझी लग्नातली हिरवी साडी आहे, अर्धी वाकळ तर माझीच आहे. माझी मी कशाला देऊ?

देवी निजलीय अक्का. तुळजापुरात तिला पलंगावर निजवलं, आता सिंहासन रिकामं. ह्या दिवसांत तुम्ही खाटंवर पाठ टेकायच्या नाहीत. मी म्हणायची, गुडघे दुखतेत तुमचे, कशाला हा हट्ट? तर म्हणायच्या, "ती निजल्यावर घरात कुणीतरी जागसूद पायजे का नको?" परवा ती उठणार. परवा घट बसायचे. आणि तुमच्या घराला कुलूप आहे, किल्ली माझ्या पदराला आहे, आणि मी काय करू ते मला ठरवता येईना. म्हणून हे लिहायला बसले. बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावण्यात माझा जन्म गेला, पण तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. कशाला लिहीन? मध्ये एक भिंत तर होती.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा अंगणात ती भिंत घातली, डोक्याएवढी. पुरुषांनी घातली, बायकांनी तिच्यावरून मीठ, विरजण, कालवण, चहाडी सगळं इकडचं तिकडं केलं. मग थोरले गेले, मग आमचे हे गेले, पोरं आपापल्या गावाला लागली, आणि दोन घरांत दोन जावा उरल्या. तेव्हापासून आपली ती सकाळची हाक. मी चूल पेटवायच्या आधी भिंतीपाशी जाऊन ओरडायची, "अक्का, उठलात का?" आणि पलीकडून तुमचं ठरलेलं, "मेले न्हाय अजून!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रागावले होते, सकाळी सकाळी काय हे अभद्र. नंतर त्याशिवाय मला चहा गोड लागेना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी हाक मारली. उत्तर नाही. म्हटलं, पुरणाचं करून दमल्या असतील, निजू दे. जरा वेळानं परत मारली. मग घमेलं पालथं घातलं, त्यावर चढले आणि भिंतीवरून बघितलं. दार उघडंच होतं. तुम्ही देव्हाऱ्यासमोर भिंतीला टेकून बसला होतात, मांडीवर कापूस, बोटांत अर्धी वळलेली वात. मला वाटलं, डुलकी लागली. मी तिथूनच ओरडले, "अवं अक्का, चेष्टा करताव व्हय?"

चेष्टा तुम्ही जन्मभर केली माझी, पण इतका वेळ कधी ओढली नव्हती.

महालक्ष्म्या यंदा सुतकात गेल्या. तुमचा बाळू पुण्याहून आला होता, तेरावा होईपर्यंत राहिला. पोरगं खंगलंय हो. कंपनीतली रजा, बायकोचा फोन, सगळं सांभाळत होतं. तेराव्याला पंगत उठल्यावर भावकी ओसरीवर बसली आणि घटाचा विषय निघाला. कुणी म्हणालं, मयत झालीय, वर्षभर नको. कुणी म्हणालं, कुळाचार चुकवायचा नसतो, सासूनं आणलेला घट आहे, एकदा मोडला की मोडलाच. मग एक म्हातारी म्हणाली, "पन बसवायचा कुणी?" आणि अक्का, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

का, ते तुम्हाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे.

त्या साली सातव्या माळेला माझा दिवा विझला होता. मी शेजारच्या खोलीत पीठ मळत होते. परतीच्या पावसाची वावटळ आली, पत्रा वाजला, आणि जाऊन बघते तर समई काळी. हात पिठाचे तसेच. लावला मी परत, पाया पडले, नाक घासलं. आणि दिवाळी यायच्या आत हे गेले. शेतातून आले, पाणी मागितलं, छातीला हात लावला. सोलापूरला नेईपर्यंत संपलं. मग दहाव्याला, बाराव्याला, पाणवठ्यावर, बाया कुजबुजायला लागल्या. "दिवा विझला होता म्हनं." त्यांचं मी काय धरू, माझं मीच म्हणत होते. सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं होतं. अखंड दिवा तो, नऊ दिवस एवढं एकच काम असतं आणि तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि मी देवीचा चांदीचा टाक खणात गुंडाळून तुमच्याकडं घेऊन आले. म्हटलं, हा तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा, मला पुन्हा हात लावायचा नाही. मला वाटलं तुम्ही समजावाल, रागवाल, दोन दृष्टांत सांगाल. तुम्ही खण उघडला, टाक उलटासुलटा केला आणि म्हणालात, "ठेवते की. पन भाडं पडंल."

"भाडं? कसलं?"

"रोज चारचा च्या हितं येऊन करायचा. आलं घालून."

मी इतकी संतापले होते की हसू आलं. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता आलं किसून घेऊन आले. भाडं म्हणजे भाडं. मग रोजच. तुमच्याच चुलीवर, तुमच्याच दुधाचा, तुमचीच साखर घालून मी चहा करायची आणि तुम्ही ऐटीत पाय पसरून प्यायच्या. चहा कधी चांगला म्हणाला नाहीत. "काल बरा झालता." रोज काल बरा झालेला असायचा!

आता चार वाजतात तेव्हा मी घरात उभी असते. आलं किसलेलं असतं. ह्या वेळेचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही. ह्यांच्या मागं मी एकटी पडले असं सगळे म्हणायचे, पण अक्का, एकटेपणा काय असतो ते मला आत्ता कळतंय. तेव्हा चारला जायला जागा होती.

तुम्हाला मी एकदा विचारलं होतं, एवढ्या घरात एकट्याच असता, दिवसभर कुणाशी बोलता? तुम्ही दाळ निवडत होता. म्हणालात, "बोलते की हिच्याशी," आणि मान देव्हाऱ्याकडं. खरंच बोलायच्या. मी ऐकलंय भिंतीपलीकडून. पूजा कमी आणि गाऱ्हाणी जास्त. अमकीच्या सुनेनं काय केलं, तूर किती फुलावर आली, डॉक्टरनं कुठली गोळी बंद केली. मला हसू यायचं. मी म्हटलं, ती काय उत्तर देती व्हय? "न देऊ दे. तू तरी कुठं देतीस? म्या बोलल्यावर तुझं ध्यान निम्मं टीव्हीत."

मग म्हणालात, "सुमन, ती बी एकटीच हाय की गं. दिवसा रांग लागती, गर्दी, नारळ, नवस. दार लावल्यावर कोन असतंय तिच्यासंगं? म्हून दिवा लावायचा. आपल्यासाठी न्हाय लावायचा. तिला सोबत म्हून."

मी म्हटलं, आणि विझला म्हणजे?

"विझला म्हंजे अंधार झाला. दुसरं काय?"

मी चहाचा कप आपटून उठले होते. तुमच्यासाठी सोपं आहे, म्हटलं. तुमचा कधी विझला नाही. तुम्ही मागून ओरडत होता, "लाइट गेल्यावर तू माझ्यावर चिडतीस व्हय? हाक मारतीस, अक्का, काडेपेटी कुठाय म्हून. ती बी तेवढंच म्हनत असंल!" मी मागं वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी चारला आले, पण बोलले नाही. तुम्ही एकट्याच बोललात दोघींचं.

नवरात्रात तर माझी मोठी गंमत वाटायची तुम्हाला. घट बसला की तुम्ही नऊ दिवस घर सोडायच्या नाहीत. घट बसलेल्या घराला कुलूप लावत नाहीत, देवीला एकटं टाकत नाहीत. बाजार मी आणून द्यायची, तरवडाची फुलं माळेसाठी बांधावरून मी तोडून आणायची, पण देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. फुलांची पाटी उंबऱ्यावरून ढकलायची. तुम्ही आंघोळीला गेलात की मोरीतून आरडाओरडा, "सुमे, दिवा बघ गं! ध्यान ठेव!" आणि मी उंबऱ्याबाहेर पाठमोरी उभी. वाटायचं, मी बघितलं आणि माझ्या बघण्यानंच विझला तर? तुम्ही ओल्या केसांनी धावत यायच्या आणि मला तशी उभी बघून म्हणायच्या, "काय राखण हाय बाई! चोर आला तर त्यालाबी पाठच दाव." मी चिडायची. पण अक्का, माझ्यावर दिवा सोपवून जायचं तुम्ही एकाही वर्षी बंद केलं नाही. भावकीत दुसरी एकही बाई माझ्यावर निरांजन सोपवायला तयार नव्हती.

आणि ती ज्योतीची पोरं आठवतात? घटाच्या आदल्या दिवशी आपण हायवेच्या कडेला जाऊन उभ्या राहायचो. तुळजापूरहून ज्योत घेऊन अनवाणी पळत येणारी पोरं, मागं टेंपो, टेंपोत गाणी, गुलाल. कुणी उमरग्याकडची, कुणी पार कर्नाटकातली. आपण त्यांना पाणी द्यायचो. एका साली एकदम सर आली आणि आपल्या डोळ्यांसमोर एका पोराच्या हातातली ज्योत फुस्स झाली. म्हटलं, संपलं ह्यांच्या गावाचं. ती पोरं मात्र थांबली, एकानं टेंपोतून कंदील काढला, दुसऱ्यानं वरून पोतं धरलं, ज्योत परत पेटवली, "आई राजा उदो उदो" केलं आणि पळाली पुढं. तुम्ही मला कोपर मारलं, "बघ."

"त्यांचं वेगळं."

"काय येगळं? त्यांची देवी दुसरी हाय व्हय? त्यांनी कंदील संगं घेतलाय म्हंजे विझनार ते धरूनच चाललेत की ती!"

मी तोंड आंबट करून घरी आले. त्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही वाती वळत बसला होता. मान वर न करता म्हणालात, "माझाबी विझला होता एकदा."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कधी?"

"बाळू कंपनीत लागला त्या साली. पाचव्या माळंला. म्या लावला परत, कुनाला बोलले न्हाय. आता मला सांग, दिवा इझला म्हून त्याला नोकरी लागली व्हय?"

माझ्या छातीवर ठेवलेला दगड त्या दिवशी कुणीतरी जरासा सरकवला. पूर्ण काढला नाही, सरकवला. टाक काही मी परत नेला नाही. तुम्हीही विषय काढला नाही. खरं सांगू, भाडं परवडत होतं.

आता मुख्य गोष्ट. तेराव्याला भावकीनं तसं बघितल्यावर मी पत्रावळ्या गोळा करायच्या निमित्तानं उठले. मागं बाळू पाहुण्यांना तुमचं सांगत होता. म्हणाला, "आमच्या आईचा दिवा उभ्या जन्मात कधी विझला नाही. मला नोकरी लागली त्या साली तर तापानं फणफणली होती. मी घरीच होतो, कंपनीच्या पत्राची वाट बघत. नऊ दिवस दिव्यापासून हालली नाही. बसल्या जागी झोपायची. मी म्हणायचो, आई मी बघतो, तू पड. नाही म्हणजे नाही."

माझ्या हातातल्या पत्रावळ्या खाली पडल्या. कुत्रं धावत आलं, त्याला हाकलायचंही भान राहिलं नाही.

अक्का, तुम्ही खोटं बोललात? तुम्ही? सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना "पोरगी चांगली हाय पन जरा आळशी हाय" असं तोंडावर सांगून भावकीतल्या पुतणीची सोयरीक मोडणाऱ्या तुम्ही? देवीच्या दिव्याबद्दल, वाती वळता वळता? सगळं गाव तुम्हाला त्या दिव्यावरून ओळखायचं. तुमच्याकडं मिरवायला दुसरं होतं काय? दागिना नाही, माहेर नाही, सून जवळ नाही. तो एक न विझलेला दिवा होता, आणि तोही तुम्ही माझ्यासाठी विझवून टाकलात, चहा पिता पिता.

का खरंच विझला होता? बाळूला पहाटे डोळा लागला असेल, तुम्ही गुपचूप लावला असेल. तुमच्या पोटात काय काय राहायचं ते मला ठाऊक आहे. हे आता विचारायचं कुणाला? एवढी वर्षं रोज चारला समोरासमोर बसलो, कधी विचारलं नाही. आता भिंतीला तोंड लावून विचारलं तरी पलीकडं कुलूप आहे.

बाळू जाताना म्हणाला, "काकू, घट यंदा राहू दे. मी कुलूप लावून जातो. तू बी मनीषाकडं जा सोलापूरला, एकटी काय करणार हितं?" पोरगं मायेनं बोललं. मनीषाचाही रोज फोन, आई ये. लेक आहे, जावई भला आहे, खोली आहे. मी गेले तर कुणी नाव ठेवणार नाही. घट बसवला आणि दिवा विझला, तर मात्र सगळी ठेवतील. आणि त्या सगळ्यांच्या आधी मीच ठेवीन, हेच माझं भय आहे.

वाकळ अजून गळतीय. उरलेलं उद्या लिहिते.

*

उद्या म्हटलं होतं, जमलं नाही. आज दुसरी माळ आहे आणि मी तुमच्या घरात बसलेय, देवघरात, उंबऱ्याच्या आत.

परवा हायवेला गेले होते, एकटीच, पाण्याची घागर घेऊन. तुम्हाला खरं सांगते, हसू नका, मी ज्योत विझायची वाट बघत होते. म्हटलं, एखादी विझावी, पोरांनी कंदिलावरून लावावी, म्हणजे मी ठरवीन. वारा पण होता. एकाची म्हणून विझली नाही! मेली सगळी पेटलेलीच गेली. घागर रिकामी झाली, मी तशीच उभी. मग एका पोरानं जाता जाता विचारलं, "मावशी, कुणाची वाट बघताव?" मी घरी आले आणि तुमच्या दाराचं कुलूप काढलं.

मला कौल मिळाला नाही अक्का. स्वप्न नाही, दृष्टांत नाही, काही नाही. नुसतं वाटलं की उद्या देवी उठणार आणि ह्या घरात अंधारात उठणार. एवढंच.

घर सारवलं. बांधावरून काळी माती आणली, चाळली, धान्य मिसळलं. सगळं हाताला आठवत होतं. मला वाटलं होतं, विसरले असेन. देव्हाऱ्यातून देव काढायला गेले तर खणात दोन टाक, शेजारी शेजारी. तुमचा आणि माझा. चिंचेनं घासायला घेतले. तुमचा काळवंडलेला होता. माझा लख्ख. आरशासारखा लख्ख, अक्का! पोळ्याला घासला असेल तुम्ही. किती वर्षं माझाच आधी घासत होता? बोटांत जोर उरला नाही तेव्हा तुमचा राहू दिलात आणि माझा घासलात? मी तो टाक छातीशी धरून पोटभर रडले. तुमच्या मयताला मी इतकी रडले नव्हते. तेव्हा पाहुण्यांचा चहा कोण करणार होतं?

काल सकाळी घट बसवला. दोन्ही टाक मांडले, तरवडाची माळ बांधली, समई लावली. कुणी आलं नाही. भावकीतली ती म्हातारी तेवढी दारात डोकावली, म्हणाली, "बसिवलास?" म्हटलं, "बसिवला." ती आली, हळद-कुंकू वाहिलं आणि निघून गेली. मग दिवसभर मी आणि दिवा. पहिले दोन-तीन तास मी त्याच्याकडं डोळे फाडून बघत बसले, पापणी लवू न देता. असं कुणी सोबत करतं का? हा तर पोलिसाचा पहारा झाला. मग मला तुमचं आठवलं आणि मी बोलायला लागले. आधी लाज वाटली. म्हटलं काय बोलू? तर तुमचंच सांगितलं देवीला. पोळ्याच्या पुरणात तुम्ही गूळ जास्त घातला होता ते. वाकळ अजून दमट आहे ते. हे गेले त्या दिवशी पाणी मागितलेला तांब्या मी अजून वापरात काढत नाही, ते. हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, तुम्हालासुद्धा नाही. हायवेवर ट्रक जात होते, मी बोलत होते, आणि किती तरी वर्षांनी मला घरात एकटीला भीती वाटत नव्हती.

दुपारी विझला.

मी तेल घालायला बुधली घेऊन उठले, मागचं दार वाऱ्यानं धाडकन उघडलं, आणि गेला. वातीचा तो जळका वास, तोच, सातव्या माळेचा. मनात सगळी नावं एकदम आली. मनीषा, जावई, नातू, बाळू. कोण? आता कोण? मी तिथंच बसले. आणि अक्का, माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? देवीचं नाव नाही, माफीसुद्धा नाही. मी ओरडले, "अक्का, काडेपेटी कुठाय?"

कुणी उत्तर दिलं नाही. पण काडेपेटी कोनाड्यात, हळदीच्या डब्यामागं, होती तिथंच होती. मी लावला दिवा. दोन काड्या वाया गेल्या, तिसरीवर लागला. "अंधार झालता का गं?" मी देवीला म्हटलं, "हे घे." मग दाराला पाटा लावला, तेल घातलं, आणि परत कुठं आलो होतो आपण बोलता बोलता, तिथून बोलायला लागले. चारला उठून चहा केला. आलं घालून. दोन कप केला, सवयीनं. दुसरा मीच प्याले.

अक्का, तुमचा दिवा विझला होता की नव्हता, हे मी आता विचारत नाही. विझला असेल तर तुम्ही माझ्यासारख्या. नसेल विझला तर माझ्यासाठी तुम्ही देवीसमोर खोटं बोललात, आणि तिनं ते ऐकून घेतलं, पुढंही तुमचं ऐकत राहिली. दोन्हींतलं काहीही असलं तरी माझं भागतं. फक्त तुम्ही हव्या होता. मोरीतून ओरडायला, कोपर मारायला, वाकळंचं दुसरं टोक धरायला. देवी सगळं ऐकते, पण ती हिसका देत नाही.

आज सकाळी बाळूचा फोन आला. तेराव्यापासून तो रोज सकाळी करतो, कामावर जाता जाता, बसमधून. घट बसवल्याचं मी त्याला कळवलं नव्हतं, पण त्या म्हातारीनं कुठून तरी पोचवलं असणार.

"काकू, उठलीस का?"

रोज मी म्हणते, व्हय बाबा, उठले. आज काय झालं कोण जाणे.

"मेले न्हाय अजून," मी म्हटलं.

पलीकडं पोरगं हमसून रडलं, भर बसमध्ये, लोकांच्यात. मी रडू दिलं. जरा वेळानं नाक ओढत म्हणाला, "आईचा दिवा हाय ना नीट?"

"काल दुपारी विझला होता," मी म्हटलं. "लावला परत."